फिरती पतनरोधक साधने

फिरती पतनरोधक साधने : छपरावर काम करणारा माणूस कडेवरून खाली जाऊ नये, आणि गेलाच तर जमिनीपर्यंत पोहोचू नये, यासाठी वापरायची साधने. काम जसे पुढे सरकेल तशी त्यांची जागा बदलता येते. इमारतीत कायमचे बसवलेले कठडे, भिंतीत रोवलेल्या कड्या किंवा छपरावर ताणलेल्या पोलादी तारा या वर्गात येत नाहीत. फिरत्या साधनांत तीन जाती प्रमुख आहेत : निव्वळ वजनाच्या जोरावर बसणारा अँकर, चाकांवरचा गाडा आणि पायथ्याशी वजने ठेवून उभा करायचा सुटा कठडा. पहिल्या दोहोंना मजुराच्या अंगावरचा हार्नेस, दोरी, धक्काशोषक आणि हुक जोडावे लागतात.

आपल्याकडच्या साइटवर या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, ‘बेल्ट’. ठेकेदाराने ‘बेल्ट दिलेत’ म्हटले की चौकशी संपते. बेल्टचे दुसरे टोक कशाला अडकवले आहे, हे विचारायचे राहून जाते, आणि छपरावर नेमके तेच अवघड असते. परांचीवर किंवा टॉवरवर हुक डोक्याच्या वर अडकवता येतो. छपरावर डोक्याच्या वर आभाळच असते. त्यामुळे तिथला आधार जवळजवळ नेहमी पायाच्या पातळीवर येतो. या एका गोष्टीने साधनांची निवड आणि त्यांच्या वापराची रीत बरीचशी ठरून जाते.

पायाशी आधार असल्याचा परिणाम : हार्नेसची पाठीवरची कडी पावलांपासून साधारण दीड मीटर उंच असते. आधार कडेला अगदी लागून पायाशी असेल आणि दोरी २ मीटरची असेल, तर पडणाऱ्याची कडी आधी दीड मीटर खाली येऊन आधाराच्या पातळीला पोहोचते आणि तिथून आणखी २ मीटर जाते. तेव्हा कुठे दोरी ताणली जाते. म्हणजे साडेतीन मीटरचे मोकळे पतन. त्या क्षणी वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. अमेरिकेतील बांधकाम सुरक्षेच्या नियमांत मोकळ्या पतनाची मर्यादा ६ फूट, म्हणजे १.८ मीटर आहे. तेवढे अंतर कापायला जेमतेम ०.६ सेकंद लागतो, म्हणून ‘पडताना काहीतरी धरू’ हा हिशेब कधी जुळत नाही. त्याच नियमांनुसार दोरी ताणल्यावर शरीराला बसणारा झटका ८ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. युरोपीय मानकात धक्काशोषकासाठी ही मर्यादा ६ किलोन्यूटन आहे. धक्काशोषक म्हणजे शिवून घडी घातलेली पट्टी. झटका बसताच तिची शिवण उसवत जाते आणि पतनाची ऊर्जा त्यात खर्च होते. पण उसवताना ती लांबते, आणि खाली मोकळी जागा किती हवी याचा हिशेब करताना ही लांबी हमखास विसरली जाते.

तो हिशेब असा : दोरी २ मीटर, धक्काशोषकाची लांबी जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर, वर सुरक्षिततेसाठी १ मीटर. बेरीज सव्वासहा मीटर. एवढी मोकळी जागा आधाराच्या खाली लागते. बैठ्या घराचे छप्पर तीन-साडेतीन मीटरवर असते. तिथे २ मीटर दोरी आणि धक्काशोषक लावून कडेला काम करणारा मजूर दोरी पुरती ताणली जाण्याच्या आत जमिनीवर आदळतो. अंगावर सगळी साधने असतात, त्यांचा उपयोग काही होत नाही.

रोखणे आणि झेलणे : म्हणून जाणकार दोन पद्धतींत कटाक्षाने फरक करतात. रोखण्याच्या पद्धतीत दोरी इतकी आखूड ठेवतात की माणूस कडेपर्यंत पोहोचूच शकत नाही. झेलण्याच्या पद्धतीत तो पडू शकतो, मात्र अर्ध्यात अडवला जातो. छपरावर शक्य असेल तिथे पहिलीच पद्धत घ्यावी. तिला खाली मोकळी जागा लागत नाही, झटका जवळजवळ नसतो आणि लोंबकळणाऱ्या माणसाला सोडवण्याचा प्रसंगही येत नाही. आधार कडेपासून ३ मीटर आत असेल आणि दोरी व हार्नेस मिळून पोहोच अडीच मीटरची असेल, तर काम झाले. कोपऱ्यात मात्र दोन कडा असतात. एका कडेसाठी मोजलेली दोरी दुसऱ्या कडेवरून सहज खाली सोडते, म्हणून तिथे अंतर दोन्हीकडून मोजावे लागते.

झेलण्याची पद्धत वापरावीच लागली, तर आडव्या अंतराचा धोका लक्षात घ्यावा लागतो. आधार कडेपासून ३ मीटर आत आहे आणि मजूर कडेच्या बाजूबाजूने ४ मीटर पुढे गेला, असे धरू. दोरी ५ मीटर सुटलेली असेल. तो पडला की लोलकासारखा आधाराच्या समोर झोकला जातो, आणि आता आधारापासून कडेपर्यंत दोरीचे ३ मीटरच लागत असल्याने उरलेले २ मीटर तो आणखी खाली जातो. शिवाय हा झोका जाताना वाटेतला छज्जा किंवा खांब टाळत नाही, आणि दोरी सगळ्या वाटेने पत्र्याच्या धारेवर घासत जाते. पायाच्या पातळीवरच्या आधारासाठी आपोआप गुंडाळणारा साधा दोरीसंच चालत नाही, तो याच कारणाने. अमेरिकी मानकाच्या २०२१ च्या आवृत्तीत अशा संचांचे दोन वर्ग केले आहेत. पाठीवरच्या कडीच्या खाली असलेल्या आधारासाठी दुसऱ्याच वर्गाचा संच वापरता येतो.

वजनाचा अँकर आणि गाडा : वजनाच्या अँकरचे तत्त्व सोपे आहे. रबरी तळाच्या चौकटीवर लोखंडी किंवा काँक्रीटच्या लाद्या रचतात. एकेक लादी माणसाला उचलता येईल एवढी असते आणि सगळ्या मिळून वजन पाव टनाच्या घरात जाते. छपराला भोक पाडावे लागत नाही, त्यामुळे गळतीची भीती नाही. पण हे ओझे जागचे हलणारच नाही, ही समजूत चुकीची आहे. २५० किलो वजन आणि घर्षणगुणांक ०.६ धरला तर ते सुमारे दीडशे किलोंची ओढ सहन करते. ओल्या पृष्ठभागावर गुणांक निम्म्यावर आला की ७५ किलोंचीच. झेलण्याचा झटका याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा अँकर थोडा सरकणार हे गृहीत धरूनच त्याची रचना व चाचणी करतात. युरोपातील ईएन ७९५ या मानकात अशा अँकरला ‘ई’ वर्ग दिला आहे आणि ५ अंशांहून अधिक उताराच्या छपरावर तो वापरायला मनाई आहे. ५ अंश म्हणजे मीटरमागे जेमतेम ९ सेंटिमीटर उतार. कोकणातल्या कौलारू घराचा किंवा उतरत्या पत्र्याच्या शेडचा प्रश्न इथेच निकालात निघतो. बर्फ किंवा दव गोठलेल्या छपरावरही हा अँकर चालत नाही. आपल्याकडे बर्फाची जागा पावसाळ्यातले शेवाळ घेते, आणि रबराखाली ते काही कमी निसरडे नसते.

चाकांवरचा गाडा ही मुख्यतः अमेरिकेतील मोठ्या सपाट छपरांच्या कामातून रूढ झालेली वस्तू आहे. गोदामे आणि मॉल यांच्या विस्तीर्ण छपरांवर जलरोधक थर बदलताना काम दिवसभर सरकत असते, आणि गाडा ढकलून सोबत नेता येतो. काही गाड्यांना लोखंडी नखे असतात. दोरीला झटका बसताच गाडा कलतो आणि नखे छपरात रुततात. साहजिकच नखे कोणत्या छपरात रुतू शकतात, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे लागते. पातळ लोखंडी डेकसाठी बनवलेला गाडा आपल्या काँक्रीटच्या स्लॅबवर आणला तर नखांचा उपयोग नाही. एका गाड्याला रोखण्यासाठी किती माणसे आणि झेलण्यासाठी किती, हे आकडे वेगवेगळे असतात. दुसरा आकडा लहान असतो आणि माणसे वाढवायची झाली की तोच विसरला जातो. गाडा हलवण्याची वेळ सर्वांत नाजूक. तो ढकलणारा माणूस स्वतः कशालाच बांधलेला नसतो किंवा ज्या गाड्याला बांधलेला असतो तोच सरकत असतो. म्हणून गाडा हलवताना सगळ्यांनी कडेपासून दूर आत यावे आणि गाडा कडेला समांतर, पुरेसे अंतर राखून न्यावा. नव्या जागी ब्रेक लावून झाल्यावरच हुक पुन्हा अडकवावेत.

छप्पर हे वजन पेलेल का, हा प्रश्न स्थापत्य अभियंत्याला विचारायचा असतो. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये वावराच्या सपाट छपरासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो, आणि वावर नसलेल्या छपरासाठी त्याच्या निम्मा चलभार धरला आहे. चार पायांवर टेकलेला पाव टन आणि शेजारी उभे तीन मजूर हा भार त्या हिशेबात बसतो की नाही, हे अंदाजाने ठरवू नये.

तयार अँकर नसला की मजूर हाताशी असेल त्याला दोरी बांधतो : कठड्यातून वर आलेली सळई, एसीचा स्टँड, नळाचा पाइप, प्लास्टिकची पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी सकाळी भरलेली असताना एक टनाची असते. दुपारी पाणी संपले की ती दोन माणसे उचलून नेतात. अमेरिकी नियमांत झेलण्याच्या आधाराने माणशी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २२ किलोन्यूटन भार पेलावा किंवा पात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अपेक्षित झटक्याच्या दुप्पट ताकदीचा असावा, अशी अट आहे. या यादीतले काहीच त्या कसोटीला उतरत नाही.

सुटा कठडा : तिन्ही जातींत हा सर्वांत कमी देखणा आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा. नळ्यांचे खांब, पायथ्याशी वजने, साधारण कमरेच्या वर येणारा आडवा दांडा. अमेरिकेत वरच्या दांड्याची उंची ४२ इंच धरतात आणि त्याने २०० पौंडांचा रेटा सहन करावा अशी अपेक्षा असते. हार्नेस कसा घालावा, दोरी किती ठेवावी, हे ज्याला कोणी शिकवले नाही त्यालाही कठडा वाचवतो. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांत क्रम असाच आहे : उंचीवरचे काम टाळता येईल का ते आधी पाहा, नाही तर पडणे अशक्य करा, तेही जमले नाही तर पडण्याचे अंतर व इजा कमी करा. त्यातही सगळ्यांचे एकत्र रक्षण करणारे साधन एकेकट्याच्या साधनाच्या आधी.

फुटणारी छपरे : कडेवरची दक्षता छपराच्या मध्यभागी कामाला येत नाही. सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी मधेमधे बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे माणसाचे वजन पेलतीलच असे नसते. धूळ बसून रंग उडालेला फायबर पत्रा शेजारच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो. पावसाळ्याआधी गळती काढायला औद्योगिक वसाहतीतल्या शेडवर चढणारी माणसे अनेकदा अशीच आरपार जातात. अशा छपरावर वजनाचा अँकर किंवा गाडा ठेवणे म्हणजे धोक्यात भर. तिथे आधार खालच्या पोलादी सांगाड्याला घ्यावा, चालायला एकाहून अधिक तुळयांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या टाकाव्यात आणि जमत असेल तर दुरुस्ती खालून, उचलत्या मंचावरून करावी.

इतिहास व कायदा : पडणाऱ्याला झेलण्याची कल्पना मोठ्या प्रमाणावर गाजली ती सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलामुळे. पुलाखाली लावलेल्या जाळीने १९ कामगार वाचले आणि त्यांनी स्वतःला ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरचा क्लब’ असे नाव घेतले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड मंच कोसळून तीच जाळी फाटली आणि दहा जण दगावले. माणसासाठी आखलेले साधन मंचासाठी पुरत नाही. अंगावरचे साधन बराच काळ कंबरपट्टाच होते. झटक्याचा सगळा भार पोटावर येऊन आतल्या अवयवांना इजा होते, म्हणून अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून झेलण्यासाठी कंबरपट्टा बाद झाला. मांड्या, छाती व खांदे यांत भार वाटणारा पूर्ण हार्नेस आता सर्वत्र मान्य आहे. भारतात त्यासाठी आयएस ३५२१ हे मानक आहे.

भारतातील १९९६ चा बांधकाम कामगार कायदा आणि १९९८ चे केंद्रीय नियम यांत सुरक्षा पट्टे व जाळ्यांची तरतूद होती. पण कायदा लागू होण्यासाठी दहा किंवा अधिक मजुरांची अट होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही दहाचा आकडा राहिला. पत्रे बदलणारी तिघांची टोळी किंवा सौर पॅनल बसवणारे दोघे त्या आकड्याच्या खालीच राहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. एवढ्या छपरांवर चढणारी माणसे बहुतांशी अशाच लहान टोळ्यांतली असणार.

वापर, तपासणी, सुटका : हार्नेसची पाठीवरची कडी दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये यावी. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट पंजा शिरावा, मूठ शिरू नये. पट्ट्यांवर कापल्याच्या, भाजल्याच्या, रंगाच्या किंवा सिमेंटच्या खुणा आहेत का, शिवण सुटली आहे का, हुकाची जीभ स्प्रिंगने पूर्ण मिटते का, हे रोज घालण्याआधी घालणाऱ्यानेच पाहावे. नायलॉन व पॉलिस्टर उन्हाने कमजोर होतात, तेव्हा संच गच्चीवर टाकून घरी जाऊ नये. युरोपीय चाचण्या १०० किलोंच्या वजनावर होतात. अंगापिंडाने भारी मजुराने कमरेला हत्यारांची पिशवी लावली की तो आकडा ओलांडला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचते. तो अर्ध्या तासाच्या आत बेशुद्ध होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून त्याला वर किंवा खाली कसे घ्यायचे, शिडी कुठे आहे, कोण काय करणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असावे. अग्निशमन दलाला फोन करणे ही त्यातली एक पायरी आहे, संपूर्ण योजना नव्हे. एकट्याने छपरावर काम करणे यामुळेच वर्ज्य. पायात अडकवून उभे राहता येईल असा पट्टा हार्नेसला लावलेला असला तर शुद्धीत असलेल्या माणसाला तेवढा वेळ काढता येतो.

ज्या हार्नेस, दोरी व धक्काशोषकाने एकदा पडणारा माणूस झेलला, ते बाहेरून धड दिसले तरी कामातून काढतात. नुसते काढून भागत नाही, पट्टे कात्रीने कापून टाकतात. अखंड भंगारात गेलेला हार्नेस धुऊन पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढू शकतो.