किशवार्दाचे गायनमास्तर

१९२९ साली हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय यांनी बालवृंदांविषयी एक लेख लिहिला. त्यातले एक विधान पुढे फार प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा : किशवार्दासारख्या आडगावी शाळेत गाणे कोण शिकवतो, हा प्रश्न बुडापेस्टच्या ऑपेराचा संचालक कोण, या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. ऑपेराचा नालायक संचालक आज ना उद्या घालवता येतो; वाईट मास्तर मात्र तीस वर्षे ठाण मांडून बसतो आणि एकामागून एक तुकड्यांच्या मनातली संगीताची ओढ मारून टाकतो.

हे विधान आज कोदाय यांचे सुभाषित म्हणून उद्धृत होते, आणि जगभरची शिक्षणशास्त्राची पुस्तके 'कोदाय पद्धती'ची प्रकरणे लिहितात. पण या विधानामागचा इतिहास मास्तरांचा आहे, आणि त्यांची नावे क्वचितच कोणी घेतो. आपल्याकडे 'कंडक्टर' म्हटले की एस.टी.च्या घंटीची दोरी आठवते. युरोपीय संगीताच्या इतिहासात त्याच शब्दाने काळ्या कोटातला, वाद्यवृंदासमोर उभा असलेला सम्राट आठवतो. मुलांच्या वृंदासमोर उभा राहणारा वृंदसंचालक या दोन्ही चित्रांत बसत नाही. तो बहुधा पगारी शिक्षक असतो.

एंद्रे बोरुश हे असेच एक शिक्षक. बुडापेस्टच्या वेशेलेन्यी रस्त्यावरील शाळेतल्या मुलांचा वृंद ते चालवीत. कोदाय तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. १९२३ च्या 'साल्मुस हुंगारिकुस'ने त्यांचे नाव झाले होते. १९२५ साली त्यांनी बोरुशांच्या मुलांसाठी दोन रचना केल्या. एक वसंतविधीच्या लोकगीतावर आणि दुसरी पनीर खाणाऱ्या जिप्सीच्या थट्टेच्या गाण्यावर. पुढची चार दशके कोदाय यांनी मुलांच्या कंठासाठी जे विपुल लेखन केले, त्याचा आरंभ येथे आहे. तो सिद्धान्तापासून झाला नाही. ही मुले अवघड स्वरवाक्ये पेलू शकतात हे एका मास्तरांनी आधी करून दाखवले होते.

साहित्याच्या अभ्यासकाला या कथेत रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. कोदाय यांचे विद्यापीठीय शिक्षण हंगेरियन आणि जर्मन भाषांचे होते, आणि १९०६ सालचा त्यांचा प्रबंध हंगेरियन लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर होता. हंगेरियन भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो. शाळांतून शिकवली जाणारी अनेक गाणी मात्र जर्मन वळणाच्या चालींवर बेतलेली होती; त्या चाली दुर्बल मात्रेवर सुरू होत आणि आघात भलत्याच अक्षरावर पडे. मूल स्वतःची भाषा परक्या हेलात म्हणायला शिकत होते. गणवृत्तात बसवण्यासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ केलेला मराठी शब्द कानाला कसा टोचतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही तक्रार समजावून सांगायला नको. लोकगीतांकडे वळण्यामागे राष्ट्रप्रेम होते हे खरेच. पण त्याच्या मुळाशी छंदाचा हा अगदी तांत्रिक मुद्दा होता.

आता प्रत्यक्ष काम. वृंदसंचालक पियानोपाशी बसत नाही. तो मूळ स्वर देतो आणि हातांच्या खुणांनी पुढचे स्वर दाखवतो. इंग्लंडमधून घेतलेल्या स्वरलेखनपद्धतीत 'दो' हा आपल्या षड्जासारखा कोणत्याही पट्टीत मांडता येतो. उजवा हात एका गटाला एक स्वर दाखवतो, डावा दुसऱ्या गटाला दुसरा. १९४१ मध्ये कोदाय यांनी दोन आवाजांतील स्वरांतरांचे सराव प्रसिद्ध केले, तेव्हा पियानोवर विसंबू नका असेच बजावले; पियानोचे स्वर सोयीसाठी किंचित सरकवलेले असतात, शुद्ध स्वरांतर दोन आवाजांनी एकमेकांना ऐकूनच साधते. (आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला बाहेर ठेवले, त्यातही याच आक्षेपाचा भाग होता.) आपल्या शाळांतली प्रार्थना सगळे मिळून एकाच सुरात म्हणतात. तेथे शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजात बुडून जातो. दोन आवाजांच्या गाण्यात तो वेगळा राहतो, आणि आपला सूर न सोडता तो ऐकत राहावे लागते. संचालकाची खरी मेहनत एवढ्या एका गोष्टीवर खर्च होते.

लायोश बार्दोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये 'मग्यार कोरुश' ही प्रकाशनसंस्था काढली, आणि १९३४ पासून 'गाणारी तरुणाई' या नावाची चळवळ शाळाशाळांत पसरली. बेला बार्तोक यांच्या दोन-तीन आवाजांच्या २७ वृंदरचना याच वातावरणात, १९३५-३६ च्या सुमारास लिहिल्या गेल्या. शब्द लोकगीतांचे, चाली सर्वस्वी स्वतःच्या. बार्तोक यांच्यासारखा कठोर माणूस कारागिरी सैल न करता मुलांसाठी लिहितो, याचे श्रेय तालमी घेणाऱ्या अनाम शिक्षकांनाही द्यायला हवे.

मात्र या इतिहासाला एक अडचणीची बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. शेकडो मुले एका हाताच्या इशाऱ्यावर एकाच क्षणी तोंड उघडतात, हे दृश्य सत्तेला नेहमीच आवडते. दोन महायुद्धांमधल्या हंगेरीत ते राष्ट्रवादाला आवडले, १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीला. १९५० साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी 'मग्यार कोरुश' बंद करण्यात आली आणि त्याच वर्षी कोदाय यांच्या जन्मगावी, केचकेमेतला, मार्ता नेमेश्सेगी यांनी रोज गायनाचा तास असलेली पहिली प्राथमिक शाळा सुरू केली. राज्य एका हाताने काढून घेत होते आणि दुसऱ्या हाताने देत होते. कोदाय यांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावून देणारा हात धरून ठेवला. ही तडजोड होती काय? होती, असे मला वाटते. पण ती रोज वर्गात निभावण्याचे काम नेमेश्सेगींसारख्या शिक्षकांच्या वाट्याला आले : समूहगीतेही बसवायची आणि दोन आवाजांचे सरावही सोडायचे नाहीत.

कोदाय १९६७ मध्ये वारले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९७५ मध्ये, न्यीरेद्यहाझा येथील शाळेत देनेश साबो या शिक्षकांनी 'कान्तेमुस' हा बालवृंद उभा केला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून त्याचे नाव पुढे जगभर झाले. किशवार्दा हे गाव याच जिल्ह्यात आहे.