कर्नाळ्याचा सुळका

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून सांगितले, तेव्हा मला हसूच आले. मी सातवी शिकलेली. मी कसला इतिहास लिहिणार! पण पनवेलच्या दक्षिणेचा कर्नाळ्याचा सुळका आपणां सर्वजणींच्या ओळखीचा. त्याच्याविषयी लिहिते.

हा गड महाराजांना १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांस द्यावा लागला. १६७० साली त्यांनी तो परत जिंकला. १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला, त्या वेळी किल्लेदार होते अनंतराव फडके. त्यांचा नातू जवळच्याच शिरढोणला १८४५ साली जन्मला. तेच आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत! आजोबांच्या हातून गेलेला गड लहानपणी पाहताना त्यांना काय वाटत असेल? १८७९ साली त्यांनी बंड उभारले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवला.

गेल्या माघात आम्ही मुलांना घेऊन गडावर गेलो. सुळक्याच्या पोटात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. वर आग्या मोहोळे. आम्ही डोक्यावर पदर घेऊन अगदी गुपचूप बसलो. एरवी आम्ही कुठे गप्प बसतो! तेवढ्यात एक विमान गेले. धाकटीने विचारले, "आई, विमानतळासाठी आपल्या उलव्याची टेकडी कापली, मग हा डोंगर का नाही कापला?"

मी म्हटले, "हे रान १९६८ सालीच पाखरांसाठी राखून ठेवले आहे."

"मग उलव्याला पाखरे नव्हती?"

मी तिला भाकरी वाढली.