पाटीपासून प्रमाणपत्रापर्यंत

एके काळी झरिया, राणीगंजच्या खाणींत बायका जमिनीखाली उतरून कोळशाच्या पाट्या वाहत. १९३७ साली त्यांना बंदी झाली. युद्धात कोळसा हवा होता, म्हणून १९४३ मध्ये ती उठली. १९४६ मध्ये पुन्हा लागली. १९५२ च्या खाण कायद्यानेही ती कायम ठेवली.

खाणीचा मॅनेजर व्हायला नुसती पदवी पुरत नाही. प्रत्यक्ष अनुभव घेऊन खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते. खाली उतरायचीच बंदी, मग मुलीने अनुभव आणायचा कुठून?

२०१९ मध्ये तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी दार उघडलं. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या.

लेकीला ‘हे बायकांचं काम नव्हे’ म्हणण्याआधी त्या पाट्या आठवा.