तोफगाड्यावरची दुर्बीण

जुन्नर तालुक्यात खोडदच्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, गिरवलीच्या डोंगरावर, आयुका या खगोलसंस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आकाश पाहते आहे. नारायणगावातल्या एखाद्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी काही हजार रुपयांची, गुडघ्याएवढी टेबलटॉप दुर्बीण ठेवली, तर तीही याच घराण्यातली निघते. नातं आरशाचं नाही, बैठकीचं आहे. तिघींची मान दोनच तऱ्हांनी हलते: क्षितिजाला धरून डावी-उजवीकडे, आणि वर-खाली. या बैठकीचं कूळ शोधायला निघालं की वाटेत एक संन्यासी भेटतो, आणि पुढे थेट तोफखाना लागतो.

संन्यासी म्हणजे जॉन डॉब्सन. जन्म १९१५ चा, पेकिंगमधला. शिक्षण बर्कलेला, रसायनशास्त्राचं. १९४४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. ही सोसायटी विवेकानंदांनी १९०० साली स्थापन केलेली. मठाचे प्रमुख होते स्वामी अशोकानंद. विज्ञान आणि वेदान्त यांचा मेळ घालण्याचं काम डॉब्सन यांच्याकडे आलं आणि त्यातून त्यांना दुर्बिणींचं वेड लागलं. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा करायचा, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात तो बसवायचा आणि रात्री मठाबाहेर पडून शेजारपाजारच्या पोरांना शनी दाखवायचा. मठात हे चालण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्रांत सांकेतिक भाषा आली: दुर्बीण म्हणजे ‘जिरेनियम’, आणि नळीत घालून बैठकीवर चढवलेली दुर्बीण म्हणजे ‘कुंडीतलं जिरेनियम’. १९६७ मध्ये त्यांना मठातून काढलं. पुढच्याच वर्षी फुटपाथवर लोकांना आकाश दाखवणारी त्यांची मंडळी जमली.

डॉब्सन यांची पेटी साधी आहे. नळीच्या दोन्ही अंगांना, जिथे तिचा तोल साधतो तिथे, दोन गोल चकत्या. त्या टेकतात प्लायवूडच्या पेटीतल्या खाचांत, आणि पेटी फिरते एका फळीवर. मधे टेफ्लॉनचे तुकडे. पेटंट त्यांनी घेतलं नाही.

इथे प्रतिस्पर्धी पुढे येतात. टेबलावरच्या दुर्बिणीचा मूळ पुरुष न्यूटन, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांची बाजू कच्ची नाही. न्यूटनने १६६८ मध्ये केलेली पहिली परावर्ती दुर्बीण वीतभरच होती आणि तिच्याखाली चक्क गोळा होता. गोळा फिरवला की दुर्बीण हवी तिकडे वळे. १९७६ मध्ये अमेरिकेत आलेली ‘ॲस्ट्रोस्कॅन’ही तशीच, बुडाशी लाल गोळा असलेली. दुसरा दावेदार जेम्स शॉर्ट. अठराव्या शतकातल्या या कारागिराने हजाराहून अधिक दुर्बिणी केल्या, आणि त्यांतल्या कित्येक पितळी, तीन पायांच्या, मेजावर ठेवायच्याच होत्या. पण त्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या. न्यूटनचा गोळा मात्र फारसा वंश न वाढवता गेला म्हणावं लागेल: आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेबलटॉप दुर्बिणींखाली गोळा नसतो, फिरती फळी असते. म्हणजे आकार न्यूटनचा आणि बैठक डॉब्सनची.

डॉब्सन मात्र ही बैठक आपली मानत नसत. शेकडो वर्षं लढाया अशाच बैठकीवरच्या तोफांनी लढल्या गेल्या, असं ते सांगत. हा नुसता विनय समजून सोडून देऊ नये. तोफेच्या दोन्ही अंगांना आलेले आखूड खुंट गाड्याच्या खाचांत बसतात, त्यांच्यावर तोफ तोलली जाते आणि वर-खाली होते. डॉब्सन यांच्या चकत्या म्हणजे हेच खुंट. राहिली डावी-उजवी. त्यासाठी दख्खनकडे पाहावं. दौलताबादची मेंढा तोफ गोल बुरुजावर, मधल्या खुंट्यावर फिरेल अशी बसवलेली आहे. जुन्नरात १४९० मध्ये सुरू झालेल्या निजामशाहीनेच पुढे, १५४९ मध्ये, अहमदनगरला मलिक-ए-मैदान ही तोफ ओतवून घेतली, तेव्हा तोफेचं वेड या मुलखाला नवं नाही. डॉब्सन यांनी दौलताबाद पाहिलं होतं असं म्हणण्याचं काही कारण नाही. पण जड नळी अचूक रोखायची झाली, तर गोलंदाज आणि ज्योतिषी एकाच उत्तरावर येतात. टेबलटॉपला तर दोन गालांऐवजी एकच बाजूचा हात असतो. तिला हवं तर जंबुरकं, म्हणजे उंटावरची छोटी तोफ, म्हणावं.

मग खगोलवाल्यांनी ही बैठक इतकी वर्षं हलकी का मानली? कारण तारे क्षितिजाला धरून चालत नाहीत, ध्रुवाभोवती फिरतात. बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखला की एकाच अक्षावर फिरवून ताऱ्याचा पाठलाग जमतो. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीला हेच केलं, आणि काय झोकात केलं! ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण त्यांनी सुमारे ११ अंश उताराच्या डोंगरावर आडवी टाकली. उटीचा अक्षांशही तेवढाच, त्यामुळे डोंगरच ध्रुवाकडे रोखलेला अक्ष झाला. तेच स्वरूप खोडदला आले तेव्हा मात्र त्यांनी ३० तबकड्या तोफेच्या पद्धतीवर बसवल्या. दोन्ही अक्ष एकाच वेळी फिरवण्याचं गणित आता संगणक करत होता. ध्रुवाकडे अक्ष रोखलेल्या वजनदार, विषुववृत्तीय सांगाड्याची गरज उरली नव्हती.

हौशी माणसाकडे संगणक नसला तरी जुन्नरचा अक्षांश त्याच्या बाजूने आहे. इथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर. उत्तरेला डोंगर जवळ असेल तर लपतोच. त्याच्याकडे अक्ष रोखत बसण्यापेक्षा फिरती फळी बरी. या बैठकीची खोड एकच: अगदी डोक्यावर पाहताना किंचित सरकायचं तरी अख्खी पेटी गरागरा फिरवावी लागते. जुन्नरात स्वाती जवळजवळ बरोबर माथ्यावरून जाते. मेअखेरीस रात्री दहाच्या सुमारास तिच्या मागे लागू नये. तासभर आधी गाठावी.

टेबलटॉपचा सुकाळ झाला तो २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षानंतर. त्या निमित्ताने आलेल्या ‘फर्स्टस्कोप’चा आरसा ७६ मिलिमीटरचा, नाभीय अंतर ३०० मिलिमीटर. चंद्राची विवरं आणि गुरूचे चार चंद्र ती छान दाखवते. पण तिचा आरसा गोलीय असतो, अन्वस्ताकार नाही, त्यामुळे वर्धन वाढवलं की शनी धूसर दिसू लागतो. पैसे साठवता येत असतील तर १३० मिलिमीटरची, अन्वस्ताकार आरशाची घ्यावी. प्रकाश जवळपास तिप्पट गोळा होतो.

टेबल डगमगणारं नको. नारायणगावात टोमॅटोचे क्रेट मुबलक, पण रिकामा क्रेट हलतो. त्यात विटा भराव्यात. बिबट्यांच्या या मुलखात रात्री उसाच्या बांधावर बसण्यापेक्षा गच्ची गाठावी, आणि खास सौर गाळणी लावल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये.