वीस डॉलरची नोट, दादांची गोळी आणि माझी डिग्री

मागच्या वर्षी तीन महिने अमेरिकेत ऑनसाइट होतो. परत येताना पाकिटात वीस डॉलरची एक नोट उरली. तिच्यावर विस्कटलेल्या केसांचा एक माणूस आहे : अँड्र्यू जॅक्सन, अमेरिकेचा सातवा अध्यक्ष (1829 ते 1837). एका शनिवारी सहज त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि वाटलं, अरेच्चा, हा बाबा तर ओळखीचा वाटतोय!

बघा ना. लहानपणीच पोरका, शाळा जेमतेम. 1806 मध्ये द्वंद्वयुद्धात लागलेली गोळी आयुष्यभर छातीत. वॉशिंग्टनच्या बड्या लोकांना नको असताना 'आपला माणूस' म्हणून निवडून आला. पण त्याच्याकडे गुलाम होते, आणि 1830 चा कायदा करून त्याने मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवरून हुसकवायला सुरुवात केली. त्या स्थलांतरात हजारो माणसं मेली. म्हणून नोटेवर तो असावा की नसावा, यावर तिकडे अजून वाद आहेत.

सांगलीच्या माणसाला हे वाचून वसंतदादा आठवले तर नवल नाही. आधीच सांगतो, जॅक्सनची पापं दादांच्या माथी मारायची नाहीत. दोघांत साम्य एवढंच की लोक एकतर पाया पडतात, नाहीतर शिव्या घालतात. मधलं कोणी बोलत नाही.

वसंतराव बंडूजी पाटील, जन्म 13 नोव्हेंबर 1917, गाव मिरज तालुक्यातलं पद्माळे. आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. (1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 ला त्याचं नाव सांगली.) बेचाळीसच्या चळवळीत दादा भूमिगत होते, पकडले गेले. 24 जुलै 1943 ला त्यांनी सोबत्यांसह सांगलीचा तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव जागीच राहिले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. आमच्या आजोबांच्या तोंडून ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी खंदक थोडा जास्त खोल व्हायचा :-)

स्वातंत्र्यानंतर दादा आमदार झाले, पण त्यांचं खरं काम सहकारात. सांगलीचा शेतकरी साखर कारखाना त्यांनी उभा केला. आजोबा त्याच पिढीचे. आमच्या भागातल्या एका कारखान्याचे सभासद. उसाच्या बिलातून शेअर कापला जायचा, ठेव कापली जायची, शिक्षणनिधीही कापला जायचा. आजोबांची तक्रार नव्हती. "आपलाच कारखाना हाय," एवढंच म्हणायचे.

आता येतो माझ्या मुद्द्याकडे. 1977-78 मध्ये दादा मुख्यमंत्री होते, ते सरकार शरद पवारांनी पाडलं. फेब्रुवारी 1983 मध्ये दादा परत आले. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर आपल्या जवळ दोनच मोठी नावं : सांगलीचं वालचंद (1947) आणि कऱ्हाडचं सरकारी कॉलेज (1960). जागा मोजक्या. ज्यांच्या बापाकडे पैसा, ती पोरं डोनेशन भरून कर्नाटकात. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नाही. दादांनी निर्णय घेतला : संस्थांना परवानगी द्या, अनुदान नाही, फी घ्या आणि चालवा. त्याच वर्षी साखराळ्याला, बुधगावला, पुण्यात कॉलेजं निघाली. स्वतः फारसं न शिकलेल्या माणसाने हे केलं, हे विसरू नका. पुण्या-हिंजवडीतल्या कोणत्याही टीममध्ये विचारून बघा, निम्मी पोरं अशाच कॉलेजातून आलेली निघतील. मीही त्यातलाच.

पण दुसरी बाजू. परवानग्या गेल्या कोणाकडे? बऱ्याचशा पुढाऱ्यांच्या संस्थांकडे. साखरसम्राटांच्या जोडीला 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीला मिळाला तो यातूनच. डोनेशन इतकं बोकाळलं की 1987 मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. 1993 मध्ये सुप्रीम कोर्टाला फ्री सीट, पेमेंट सीट अशी विभागणी घालून द्यावी लागली. कारखाना सभासदांचा असतो, निदान कागदावर तरी. कॉलेज मात्र ट्रस्टचं, आणि ट्रस्टी ठरलेले. माझ्या ॲडमिशनच्या वेळी बाबांनी जमिनीवर कर्ज काढलं. फी भरून बाहेर आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "ह्या बिल्डिंगीत माझ्या उसाचं बी पैसं हाईत." खरं होतं ते. आणि तरी आम्ही तिथे गिऱ्हाईक होतो, मालक नव्हतो.

हे दादांचं पाप की त्यांच्यामागून आलेल्यांचं? मला वाटतं, थोडं दोन्ही. दार उघडताना त्यावर राखण कोणाची, हे त्यांनी ठरवलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर रिलीज झालं, पण ॲक्सेस कंट्रोल लिहिलाच नाही. दादा 1 मार्च 1989 ला गेले. त्यांच्या नावाच्या शेतकरी बँकेचा परवाना 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. त्यांचा कारखाना 2017 मध्ये एका खाजगी कंपनीला भाड्याने द्यावा लागला. माणूस गेल्यावर वीस-तीस वर्षांनी घडलेल्या सगळ्याचा दोष त्याला देता येत नाही. पण एका मोठ्या माणसाच्या शब्दावर चालणारी व्यवस्था तो गेल्यावर कशी चालते, तेही दिसलंच.

मागच्या महिन्यात कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला बाबांसोबत तलाठी ऑफिसात गेलो होतो. आजोबा आता नाहीत. असते तर त्यांना विचारलं असतं, दादांना मार्क किती द्यायचे? बहुतेक त्यांनी पुन्हा खंदकाचीच गोष्ट सांगितली असती, आणि मी ती ऐकली असती.

असो. बाकी पुढच्या शनिवारी.