मुंबई ते येनान : साडेपाच महिने

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो रणभूमीवरचा शल्यचिकित्सक. व्ही. शांतारामांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने ही प्रतिमा पक्की केली. आम्हांस मात्र त्याआधीचे साडेपाच महिने अधिक विचार करण्याजोगे वाटतात. स्वयंसेवक घरून निघालेला आहे, पण जिथे काम करायचे तिथे पोचलेला नाही, असा तो काळ.

जपानने १९३७ साली चीनवर चढाई केल्यावर आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसने पाच डॉक्टर धाडले : पथकप्रमुख अटल, नागपूरचे वयोवृद्ध चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांची बोट मुंबईहून सुटली. १७ तारखेस ते कँटनला उतरले.

खरी मेख पुढेच होती. बोलावणे होते कम्युनिस्ट सेनापतीचे, पण वाट जात होती च्यांग कै-शेक यांच्या सरकारच्या मुलुखातून. जपानविरुद्ध दोघे एकत्र, परंतु आतून परस्परांविषयी संशय. परक्या डॉक्टरांनी येनानला जावे याची त्या सरकारला मुळीच निकड नव्हती. पथक आधी हँकौच्या, मग इचांगच्या रुग्णालयात कामाला लागले. हात रिकामे नव्हते. पण ज्या कामासाठी आलो ते हे नव्हे, ही जाणीव असणारच. तोवर मागची जमीन सरकत चालली होती. २१ ऑक्टोबरला कँटन पडले, २५ला हँकौ. पथक चुंगकिंगला पोचले आणि पुन्हा थांबले.

तेथेच पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. आणि तेथेच त्यांना वडील गेल्याची वार्ता कळली. मागे फिरायला याहून रास्त कारण कोणते? फिरले असते तर कोणी बोटही दाखवले नसते. रणभूमीवर धैर्य दाखवायला निदान समोर जखमी असतो. इथे समोर केवळ परवानगीची वाट होती. कोटणीसांचा निर्धार आम्ही या मुक्कामावरून मोजतो. चरित्रकथा मात्र धक्क्यावरून थेट शस्त्रक्रियेच्या तंबूत उडी घेतात.

जानेवारी १९३९ मध्ये वाट मोकळी झाली. शीआनमार्गे पथक १२ फेब्रुवारीस येनानला पोचले. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी मायदेशी परतले. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. उरलेल्या तिघांना आघाडीकडे निघायला १९३९ची अखेर आली. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस वारले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. चीनमधल्या त्यांच्या सव्वाचार वर्षांपैकी वर्षाहून अधिक काळ आघाडीच्या वाटेवरच गेला होता.