तेवीस मिनिटांत ८८३ साइट

जिरा आणि कॉन्फ्लुअन्स ही सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीची उत्पादनं पुण्या-बंगळुरूच्या आयटीवाल्यांच्या रोजच्या वापरातली. कामाची तिकिटं जिरात, डिझाइनपासून बैठकांच्या टिपणांपर्यंत सगळे दस्तऐवज कॉन्फ्लुअन्सवर. कोणतं पान कोणी पाहायचं, कोणी बदलायचं, यावरून ऑफिसाऑफिसांत अ‍ॅडमिनच्या मागे तगादा लागलेला असतो. ५ एप्रिल २०२२ला, मंगळवारी, या सगळ्या परवानग्या जागच्या जागी होत्या आणि तरी काहीच वाचलं नाही. कंपनीने नंतर सविस्तर अहवाल जाहीर केला, त्यावरून हा क्रम. वेळा भारतीय.

त्याआधी

'इनसाइट' नावाच्या अ‍ॅपचं काम मुख्य उत्पादनात सामावून घेतलं होतं. ग्राहकांच्या साइटवर उरलेलं जुनं, सुटं अ‍ॅप काढून टाकायचं ठरलं. काढणाऱ्या टीमने दुसऱ्या टीमकडून यादी घेतली. हवे होते अ‍ॅपचे आयडी. आले ते अ‍ॅप ज्या साइटवर होतं, त्या आख्ख्या साइटचे आयडी.

स्क्रिप्टची तपासणी झाली होती. पण तपासणाऱ्यांनी कोणती आज्ञा कशी दिली जातेय एवढंच पाहिलं. आयडी नेमके कशाचे आहेत, हे कोणी उघडून पाहिलं नाही. शिवाय आधी ३० साइटवर ती चालवून झाली होती आणि सगळं सुरळीत पार पडलं होतं. त्या ३० साइटचे आयडी गोंधळ होण्याआधी गोळा केलेले, म्हणून बरोबर होते. या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त लागतं ते हे यश. त्याने सगळ्यांना निर्धास्त केलं.

दुपारी १:०८

उरलेल्या यादीवर स्क्रिप्ट सुरू. पुढची यंत्रणा अ‍ॅपचा आयडीही घेत होती आणि साइटचाही. अ‍ॅपचा आला तर अ‍ॅप पुसायचं, साइटचा आला तर साइट. "ही पूर्ण साइट आहे, नक्की काढायची?" असं विचारणारी पायरीच नव्हती. त्यात निवडलेली पद्धत कायमस्वरूपी पुसण्याची. स्क्रिप्टला पुसायचा अधिकार आहे का, याचं उत्तर 'हो' होतं. नेमकं काय पुसायचंय, हा प्रश्न कुठेच लिहिलेला नव्हता.

१:१६

पहिल्या ग्राहकाची तक्रार. कंपनीच्या देखरेख यंत्रणेला अजून पत्ता नाही, कारण साइट नेहमीच्या, मंजूर मार्गानेच पुसल्या जात होत्या.

१:३१

स्क्रिप्ट संपली. ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट गेल्या.

१:४७

मोठ्या दुर्घटनेसाठीची कार्यपद्धती सुरू. सात मिनिटांत दुर्घटनेला गंभीर दर्जा.

२:२३

तक्रारी आणि स्क्रिप्ट यांचा संबंध पक्का झाला.

संध्याकाळी ६:०८

परत आणणं किती अवघड आहे हे उमगलं आणि सर्वोच्च दर्जा लावला गेला. बॅकअप होते. पण सगळ्यांचा डेटा एकदम मागे नेला असता तर ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांचंही ताजं काम बुडालं असतं. शेकडो ग्राहक तेवढे वेचून, चालू यंत्रणेत परत बसवायची स्वयंचलित सोय कंपनीकडे नव्हती.

त्यानंतरचे तास

साइटबरोबर त्या ग्राहकाच्या अ‍ॅडमिनची संपर्क माहितीही पुसली गेली होती. म्हणजे कंपनीने कोणाला कळवायचं, हेच तिच्याकडे धड उरलं नाही. उलट बाजूने, मदतीचं तिकीट टाकायला साइटचा वैध पत्ता लागायचा, आणि साइट तर नाहीशी झालेली. ज्यांचं सर्वस्व गेलं होतं, त्यांनाच तक्रार नोंदवता येत नव्हती. दस्तऐवज आणि दस्तऐवजांच्या मालकांची यादी एकाच आज्ञेने जाऊ शकते, ही रचनेतली चूक; ती त्या दिवशी स्क्रिप्ट चालवणाऱ्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

८ ते १८ एप्रिल

पहिले ग्राहक ८ तारखेला परतले. सुरुवातीची पद्धत म्हणजे प्रत्येक साइट नव्याने उभारायची: वापरकर्ते, गट, परवानग्या, पानं, जोडपत्रं, सगळं पुन्हा जुळवायचं. सत्तरहून जास्त पायऱ्या, एकेका साइटला सुमारे ४८ तास. अशा ११२ साइट झाल्या. मग जुनेच आयडी पुन्हा वापरायची युक्ती निघाली; पायऱ्या तिसाच्या आसपास आल्या, वेळ सुमारे १२ तासांवर. उरलेल्या ७७१ साइट त्या मार्गाने आल्या. कंपनीचे तेव्हाचे तंत्रप्रमुख श्री विश्वनाथ यांचं सविस्तर जाहीर निवेदन आलं ते १२ तारखेला, आठवडा उलटल्यावर. इतके दिवस अंधारात ठेवणं मला पुसण्याच्या चुकीइतकंच अक्षम्य वाटतं.

१८ एप्रिलपर्यंत सगळ्या साइट परत आल्या. बहुतेकांचं नुकसान पुसण्याआधीच्या पाच मिनिटांच्या कामापुरतं राहिलं. महिनाअखेरच्या अहवालात कंपनीने आश्वासन दिलं: यापुढे कुठलीही साइट थेट कायमची पुसता येणार नाही, आधी ती फक्त बंद होईल, आणि परत आणण्याचा मार्ग तपासलेला असल्याशिवाय पुढची पायरी घेतली जाणार नाही.